तीन पहाटा

आनाफी मामा माझ्या ऑफिसात आले तेव्हा त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. राजधानीत, आपियातल्या आमच्या ऑफिसात कुणी चपला काढत नाही. पण भाची जिथे कामाला बसते ती जागा म्हणजे घरच, असं मामांचं गणित. ते खुर्चीत बसले, पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिलो, म्हातारा सकाळी गेला."

म्हातारा म्हणजे तौसागा, नदीपलीकडच्या फालेतोआ गावचा. आदल्या दुपारी माझा मामेभाऊ पेनिआमिना अळूचे गड्डे भरून पिकअप बाजारात आणत होता. फालेतोआच्या वळणावर बस थांबली होती. तौसागा बसच्या मागून रस्त्यावर आला आणि पेनीच्या गाडीखाली सापडला. रात्र त्याने इस्पितळात काढली, पण शुद्धीवर आला नाही.

"उद्या पहाटे जायचं ठरलंय," मामा म्हणाले. "मोठी चटई काढलीय, तुझ्या आजीने विणलेली. लाकडं, दगड, केळीची पानं, सगळं बांधून ठेवलंय. तुला नुसतं कळवायला आलो."

अशा वेळी काय करायचं ते आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. उजाडायच्या आत त्यांच्या घरापुढे जाऊन बसायचं. घरातल्या कर्त्याने डोक्यावरून केवड्याच्या पातीची चटई ओढून घ्यायची. जवळ भट्टीची लाकडं आणि दगड ठेवायचे. म्हणजे हवं तर डुकरासारखं भाजा आम्हाला, आम्ही हलणार नाही. घरच्यांनी येऊन चटई उचलली की संपलं. नाही उचलली तर उन्हात बसून राहायचं. याला ईफोगा म्हणतात.

मी म्हणाले, "जाऊ नका."

मामा हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

"मामा, पोलीस उद्या-परवा पेनीवर गुन्हा नोंदवणार. निष्काळजीपणाने गाडी चालवून जीव घेतला असा. तुम्ही चटईखाली बसलात, की सरकारी वकील कोर्टात पहिला प्रश्न हाच विचारेल. चूक नव्हती तर घरचे गुडघ्यावर का बसले? त्याला उत्तर नाही माझ्याकडे."

"चूक आहे असं कोण म्हणतंय? माणूस मेला, एवढंच म्हणायला जातोय आम्ही."

"कोर्टाला तेवढंच ऐकू येत नाही."

"मग काय ऐकू येतं कोर्टाला?"

"कबुली."

मामा खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "जमिनीच्या आणि घराण्याच्या पदव्यांच्या कोर्टात तुम्हा वकिलांना पाऊल ठेवू देत नाहीत. उगाच नाही. आमचे म्हातारे अगदीच अडाणी नव्हते."

"हे ते कोर्ट नव्हे, मामा."

"नाही ना. तीच तर अडचण." ते उठले. "किती दिवस थांबायचं?"

"सहा महिने. फार तर."

"बरं. शिकवलं कशाला तुला, मग? तू सांगायचं, आम्ही ऐकायचं." दारात चपला घालताना ते पुन्हा म्हणाले, "एवढी मोठी चटई. उन्हात पसरलीय तुझ्या मामीने. आता गुंडाळायला सांगतो."

शेजारच्या खोलीत एतेउआती सर बसले होते. ऑफिस त्यांचं, चौतीस वर्षांची वकिली त्यांची. उठून सहा पावलं टाकली असती तर त्यांना विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. घरचं प्रकरण होतं, आणि घरच्या प्रकरणात मला नक्की काय ते ठाऊक नाही असं दिसायला नको होतं.

*

कायद्याकडे मी उशिरा वळले. आधी सुवाला रसायनशास्त्र शिकले, परत येऊन दोन वर्षं पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. एकदा आमच्याच एका अहवालावरून कोर्टात साक्ष द्यायला गेले. माझा आकडा बरोबर होता, पण त्याचा अर्थ दोन्ही वकिलांनी आपापल्या सोयीने लावला आणि मला मध्ये बोलता येईना. त्या संध्याकाळी मी ठरवलं की आकड्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. पोर्ट व्हिलाला जाऊन कायदा शिकून आले.

पहिल्या वर्षी एक मासळीवाली मिळाली. चोरीच्या आळावरून नऊ आठवडे कोठडीत होती. तिने चोरलं म्हणतात त्या दिवशी, त्या वेळी, ती समुद्रात गुडघाभर पाण्यात होती, हे मी भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून दाखवलं. सुटल्यावर ती केळीच्या पानात बांधलेले जिवंत खेकडे घेऊन ऑफिसात आली. एक खेकडा फायलींच्या कपाटाखाली गेला, तो आम्हाला दोन दिवसांनी वासाने सापडला. त्या वासाने मला कित्येक महिने आनंद दिला. बाकीचे दिवस तारखा, पुढच्या तारखा, आणि फोटोकॉपीचं यंत्र.

पेनीचा जबाब मी स्वतः लिहून घेतला. तो चोवीस वर्षांचा, बोलायला मुळात जड. गाडी थांबवून तो धावला होता, म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, आणि तौसागा बेशुद्ध होण्याआधी त्याच्याशी बोलला होता.

"काय बोलला?"

"गाडी कुणाची म्हणाला. मी म्हटलं आनाफीची. मग म्हणाला, तुझे गड्डे सांडलेत, उचल, नाहीतर बस घसरेल."

"आणखी?"

"म्हणाला, एपेनेसाला सांग, कोयता वरच्या मळ्यात आहे. मोठ्या नीरफणसाच्या बेचक्यात."

एपेनेसा ही तौसागाची बायको. मी ते सगळं तिसऱ्या पानावर लिहिलं आणि समासात टिपण केलं: उपयोग नाही. आरोपीला साक्षीला बसवायचं नाही. पेनी साक्षीला बसला असता तर उलटतपासणीत वेगाबद्दल दहा प्रश्न आले असते, आणि तो दहाही प्रश्नांना "असेल" म्हणाला असता.

"ताई, काकूंना ते कोयत्याचं सांगू ना?" त्याने विचारलं.

"कुणालाच काही सांगायचं नाही. खटला संपेपर्यंत एक शब्दही नाही."

तो मान हलवून गेला. पेनी असा मुलगा आहे की त्याला एकदा सांगितलं की पुरतं.

*

सगळा खटला नऊ मीटर ऐंशी सेंटिमीटरांवर उभा होता. रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा तेवढ्या लांब होत्या. त्यावरून पोलिसांनी वेग काढला ताशी अठ्ठावीस मैल. गावातली मर्यादा पंचवीस. पण त्यांनी रस्ता कोरडा धरला होता. त्या दुपारी भुरभुर झाली होती, आणि वळणावर गावच्या पायवाटेवरून पोवळ्याची वाळू वाहून डांबरावर येते. तिथे चाक जास्त घसरतं. म्हणजे त्याच लांबीच्या खुणेला वेग कमी लागतो.

मी पिकअपच्या टायरचा तुकडा कापून घेतला, त्यात सिमेंट भरलं, मासळीबाजारातून ताणकाटा मागून आणला आणि तशीच भुरभुर पडायची वाट पाहत बसले. दोन महिन्यांनी एका मंगळवारी पडली. मी फालेतोआच्या वळणावर जाऊन दोरीने तो टायर ओढू लागले. ओढायचं, काटा वाचायचा, वहीत लिहायचं, पुन्हा मागे न्यायचं.

पंधराव्या की सोळाव्या वेळेला लक्षात आलं की रस्त्याच्या कडेला कुणीतरी बसलंय. एपेनेसा होती. मांडीवर धुण्याची बादली, डोक्यावर एक पान.

"तू आनाफीची भाची," ती म्हणाली. "शिकलेली."

"हो, काकू."

"काय करतेस?"

मला उत्तर देता येत नव्हतं. सरकारी पक्षाच्या साक्षीदारांच्या यादीत तिचं नाव होतं. "काकू, खटला संपेपर्यंत मला तुमच्याशी बोलता येत नाही. नियम आहे."

"बरं. नको बोलूस. तू ओढ, मी बसते."

मी ओढला. तिने पाहिलं. आणखी दोन वेळा ओढल्यावर ती म्हणाली, "रस्ता घसरडा होता का ते बघतेस होय? होता. मी त्या दुपारी इथेच पडले होते, बादलीसकट. मी सांगितलं असतं. विचारायला कुणी आलंच नाही."

मी वहीत आकडा लिहिला. हात ओला होता, आकडा फुटला.

"तीन पहाटा आम्ही पडदे वर ठेवले," ती म्हणाली. आमच्या घरांना भिंती नसतात, माडाच्या झापांचे पडदे असतात. पाऊस आला तरच पाडायचे. "पहिल्या दिवशी म्हटलं, चटई जुनी असेल, डागडुजी करत असतील. दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं, कोयते, काठ्या सगळं मागे नेऊन ठेवा, लोक घाबरून येत नसतील. तिसऱ्या दिवशी कोकोसुद्धा करून ठेवला. उठवल्यावर काहीतरी द्यायला नको का? मुलांनीच प्यायला शेवटी. थंड झाला होता."

मग तिने बादली उचलली. "धुणं पूर्वी तुमच्या झऱ्यावर आणायचे. आता नदीवर नेते. नदीचं पाणी गढूळ, कपडे पिवळे पडतात. चल, तुझं चालू दे."

ती गेल्यावर मी आणखी बारा वेळा टायर ओढला. तीस वाचनं हवी होती.

*

सहा महिन्यांचे चौदा झाले. एकदा सरकारी वकील रजेवर, एकदा न्यायाधीश परदेशी, एकदा पोलिसांचा नकाशा हरवला. त्या चौदा महिन्यांत पेनी फालेतोआवरून एकदाही गेला नाही. माल डोंगरावरच्या रस्त्याने फिरवून न्यायचा, दीड तास जास्त. मामी बसने जायची तेव्हा ते वळण येईपर्यंत मान खाली घालून बसायची. दोन गावांची पोरं रग्बीच्या मैदानावर एकमेकांना भिडली, एकाचा दात पडला. आमच्या झऱ्यावर कपडे आपटायचा आवाज निम्मा झाला. दर रविवारी चर्चनंतर जेवायला बसलं की मामा विचारायचे, "वकीलसाहेब, झाले का सहा महिने?" आणि मला केळीच्या पानातला पालुसामी, नारळाच्या दुधात शिजवलेला अळू, वाढायचे. रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

निकाल एका बुधवारी लागला. माझी तीस वाचनं, पावसाच्या नोंदी, वाळूचा नमुना, सगळं न्यायाधीशांनी एकेक करून मान्य केलं. माझ्या हिशेबाने वेग चोवीस मैल येत होता. पोलीस अधिकाऱ्याने शेवटी कबूल केलं की रस्ता कोरडा होता असं तो धरून चालला होता. पेनी निर्दोष.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. असा निर्भेळ आनंद मला प्रयोगशाळेत कधी झाला नव्हता. आकडा बरोबर होता, आणि या वेळी त्याचा अर्थही बरोबर लागला होता. मग मी वळून पाहिलं. एपेनेसा दोन मुलांमध्ये उभी होती. ती रडत नव्हती. बस चुकलेलं माणूस रस्त्याकडे पाहतं तशी ती न्यायाधीशांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होती. कोर्टात तिला एकूण चार प्रश्न विचारले गेले होते. नाव काय, मयताशी नातं काय, वय काय, प्रेत तुम्ही ओळखलं का.

पेनीने बाहेर आल्यावर विचारलं, "आता बोललं तर चालेल ना, ताई?"

मी ऑफिसात गेले. एतेउआती सरांनी स्वतःच्या हाताने कोको केला होता. "टायर ओढणारी वकील," ते म्हणाले. "सरकारी वकिलाचा चेहरा पाहिलास का? लग्नात चुकीच्या पंगतीला बसल्यासारखा." मी हसले. मग त्यांनी सहज विचारलं, "ईफोगा नीट झाला होता ना? तू कधी बोलली नाहीस त्याबद्दल."

"झालाच नाही. मीच नको म्हणाले. सरकारी वकिलाने कबुली म्हणून वापरला असता."

सरांनी कप खाली ठेवला. "कोण म्हणालं?"

"पुराव्याचा कायदा. दुसरं वर्ष."

"चौतीस वर्षांत," ते सावकाश म्हणाले, "हा प्रश्न एकाही सरकारी वकिलाने विचारलेला मी ऐकला नाही. तोही कुठल्या तरी गावचाच असतो ना, पोरी. असा प्रश्न विचारून तो रविवारी कुणाच्या पानावर बसेल?"

"विचारला असता तर?"

"तर मी उठून म्हणालो असतो, यांच्या गाडीखाली माणूस मेला आणि हे भेटायला गेले, यात गुन्हा कुठला? न्यायाधीशांनी त्यालाच खाली बसवलं असतं." त्यांनी कप पुन्हा उचलला. "मी शेजारच्या खोलीत होतो, तिलोमाई."

"हो, सर."

मासळीवालीच्या वेळी सर दोन दिवस मला टोमणे मारत होते. या वेळी त्यांनी माझा कपसुद्धा स्वतः धुतला.

*

शनिवारी गावी गेले तेव्हा मोठी चटई पुन्हा उन्हात पसरली होती. मामा कडेला बसून एक सुटलेली पात आत खोचत होते.

"आता कोर्ट ऐकत नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. एकदा सुटला म्हणजे त्याच आरोपावर पुन्हा काही नाही."

"मग सोमवारी पहाटे."

"चौदा महिन्यांनी, मामा? घेतील ते?"

"तो त्यांचा प्रश्न. आपला प्रश्न जाण्याचा."

"चटईखाली मी बसते."

मामांनी वर पाहिलं. "चटईखाली घरातला कर्ता बसतो. तुझ्या डोक्यावर पदवी आहे, पण ती विद्यापीठाची."

"सल्ला माझा होता."

"ऐकला मी होता." ते परत पातीकडे वळले. पात आत गेल्यावर म्हणाले, "तिघं मावतील. पेनी, तू, मी. आजीने विणताना हात आखडला नव्हता. फक्त तुझं ते परफ्यूम लावून येऊ नकोस, आत हवा नसते."

सोमवारी आम्ही नदी ओलांडली तेव्हा कोंबडे आरवत होते. पेनीच्या खांद्यावर लाकडं, चुलतभावांकडे दगड आणि पानं. एपेनेसाच्या घरात कंदील होता, पडदे वर होते. आम्ही अंगणातल्या खडीवर बसलो आणि मामांनी चटई आमच्यावर ओढली. आत केवड्याचा जुना वास होता, आणि मामांच्या खोबरेल तेलाचा. विणीतून बाहेरचं थोडं दिसत होतं.

कुणीतरी घरात उठलं. मग एकेक करून पडदे खाली आले. आधी समोरचा, मग डावीकडचा, मग सगळे. झापांचा तो सरसर आवाज मी मोजला. अकरा.

ऊन चढलं. खडी गुडघ्यात रुतली. साडेआठच्या सुमारास एक दगड चटईवर पडला, छोटा, पेनीच्या पाठीवर. पेनी हलला नाही. आतून एपेनेसाचा आवाज आला, "परत टाकलास तर बघ." पुन्हा दगड आला नाही. मामा मध्येच पुटपुटले, "लघवीचं विसरून आलो. पूर्वी असं नव्हतं होत." मला हसू आलं आणि मग रडू आलं. दोन्ही आवाज दाबले.

दुपार व्हायला आली तेव्हा पावलं जवळ आली. विणीतून मला दोन अनवाणी पाय दिसले.

"वकीलबाई आहे का आत?"

"आहे, काकू."

"आता बोलता येतं का तुला?"

"येतं."

"मग मला सांग, तो एकटा होता का? रस्त्यावर पडला तेव्हा. कोर्टात सगळं मोजलंत तुम्ही, रस्ता मोजलात, पाऊस मोजलात. हे कुणी बोललंच नाही."

माझ्या आधी पेनीच बोलला. चौदा महिने दाबून ठेवलेलं तो एका दमात बोलला: डोकं मांडीवर घेतलं होतं, म्हाताऱ्याने विचारलं गाडी कुणाची, मग गड्डे सांडले म्हणाला, मग कोयता. वरच्या मळ्यात. मोठ्या नीरफणसाच्या बेचक्यात.



"तो कोयता," एपेनेसा म्हणाली, "माझ्या धाकट्या दिराने चोरला असं मी म्हटलं होतं. चारचौघांत. तेव्हापासून त्याने या घरात पाऊल ठेवलेलं नाही."

"पेनीला सांगायचं होतं, काकू," मी म्हणाले. "मी नको म्हटलं."

पाय वळले. जाता जाता ती म्हणाली, "तीन पहाटा आम्ही बसलो होतो. तुमची एक झाली."

मंगळवारी पुन्हा गेलो. पडदे आधीपासूनच खाली. घरात माणसांची चाहूल नव्हती, फक्त एक डुक्कर आमच्याभोवती फिरून लाकडं हुंगून गेलं. दुपारी उठलो. मामांना उठवायला दोघं लागले. वाटेत ते एवढंच म्हणाले, "घरात कुणीच नसेल तर ती पहाट धरतात की नाही, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय ते बघ."

बुधवारी दहा वाजता आपियात माझी जामिनाची सुनावणी होती. तीन आठवडे आत असलेली एक बाई. मी सरांना फोन केला आणि काय चाललंय ते सांगितलं. ते म्हणाले, "फाइल कुठे आहे?" मी म्हणाले टेबलावर. "मग तू कुठे असायचं ते तू मला विचारतेस की सांगतेस?"

"सांगते आहे."

"बरं झालं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तिसऱ्या पहाटे नदी ओलांडून वळणावर आलो तर लांबूनच कंदिलाचा उजेड सगळ्या बाजूंनी बाहेर येताना दिसला. पडदे वर होते. आम्ही खडीवर बसलो, पण चटई ओढून घेण्याआधी मला पायरी दिसली. पायरीवर कोयता ठेवला होता. पातं पूर्ण गंजलेलं, मुठीवर शेवाळ. बेचक्यातून काढताना झाडाची साल लागून आली होती.

घरात एपेनेसाशेजारी एक बुटका माणूस बसला होता. तिचा धाकटा दीर असावा.

आम्ही फार वेळ बसलो नाही. चटई उचलली गेली तेव्हा ऊनसुद्धा आलं नव्हतं. एपेनेसाने मामांना दोन्ही हातांनी उठवलं. पेनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच ठेवून उभी राहिली, बराच वेळ. मग माझ्याकडे पाहिलं.

"तू उद्या एकटी ये," ती म्हणाली. "चटई नको. ते तुझे कागद घेऊन ये. सगळे. तुम्ही त्याच्याबद्दल काय काय लिहिलंत ते मला वाचून दाखव."

कागद पेनीचे, म्हणजे अशिलाचे. त्याच्या परवानगीशिवाय ते कुणाला दाखवायचे नाहीत, हाही नियमच. मी पेनीकडे पाहिलं.

"वाच ना, ताई," तो म्हणाला. त्याच्या हातात घरातून आणून दिलेला कोकोचा कप होता.

*

दुसऱ्या दिवशी मी गेले. एपेनेसा चटई विणत बसली होती, आताच सुरू केलेली, हातभर झालेली. मी फाइल उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. जिथे जिथे 'मयत' असं लिहिलं होतं तिथे मी 'तौसागा' वाचलं. एकशे सव्वीस पानं होती. तिसऱ्या पानावर मी समासातलं टिपणही वाचलं, 'उपयोग नाही', कारण ती सगळे म्हणाली होती. तिने विणकामातली एक पात उसवली आणि पुन्हा घातली.

तीस वाचनांच्या तक्त्याशी आल्यावर तिने हात थांबवला.

"हे आकडे कसले?"

"रस्ता किती घसरडा होता ते."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पुढे वाच."